हाक नावाचा रकाना

उदगीरच्या मोंढ्यात, तुरीच्या थप्पीमागं
एक टेबल, एक जुना संगणक,
की-बोर्डाच्या फटींत डाळीचा भुगा.
मुनीम गैबीसाहेब चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले,
"पोरी, वरच्या पट्टीवर कोणाचं खातं ते दिसू दे.
एवढंच काम."

एवढंच काम.
टॅबांची रांग मी खातेदारांच्या यादीला बांधली,
तिकडं माणूस वाढला की इकडं टॅब वाढेल अशी,
आणि चालवून पाहिलं तर
प्रत्येकाच्या कपाळावर तेच:
उदगीर डॉट आडत डॉट खातेदार
उदगीर डॉट आडत डॉट खातेदार
उदगीर डॉट आडत डॉट खाते…
पुढं जागा संपली.

संगणकाच्या हाती माणूस दिला होता,
त्यातलं काय दाखवायचं ते सांगितलं नव्हतं,
म्हणून त्यानं नाव सोडून जात सांगितली.
गैबीसाहेब हसले. "आपल्यात बी तसंच हाय की.
नाव मागून इचारतेत."

मग शीर्षकाचा साचा लिहिला.
एक ठिपका, बाकी असेल तर लाल,
त्याच्या शेजारी मजकूर, नावाला बांधलेला.
चालवलं.
माधव गुट्टे. माधव गुट्टे. माधव गुट्टे.
तिघंही खरे, तिघांचे आधार वेगळे.
साहेबांनी काचेवर बोट टेकवलं:
"ह्यो डिझेल माधव. ह्यो हाळीचा, बैलाची दलाली करायचा.
आन ह्यो मुका माधव."
मुका?
"लई बोलतो म्हणून."

तक्त्यात गाव, बँक, मोबाईल यांच्यामागं
एक रकाना जोडला: हाक.
शीर्षक नावाचं सोडवून हाकेला बांधलं.
हाक रिकामी असेल तर नाव दाखव.
नावही नसेल तर?
साहेब विचारात पडले. "'या, बसा' लिव."

तीन दिवस ते सांगत होते, मी भरत होते.

शनिवारी हमालानं पट्टीवर वाचून पुकारा केला,
"रुक्मिणबाई सोपान! ओ रुक्मिणबाई!"
बाई समोरच पोत्यावर बसलेली,
तळहातावर तूर घेऊन फुंकर मारत.
मान वर केली नाही.
साहेब हळूच म्हणाले, "गोदे."
"काय वो?"
"कवाधरनं हाका मारायलेत."
"त्ये कागदावरलं सासरचं हाय. ध्यानातच येत नाई बगा."

मी रकान्यात गोदा लिहिलं,
वर टॅब तिच्यादेखत बदलला.
तिला वाचता येत नव्हतं.
ती माझ्या तोंडाकडं बघत होती.

बदल आपोआप होत नसतो, हे लोकांना माहीत नसतं.
आत काही बदललं की मुळानं ओरडून सांगावं लागतं,
बदललंय, ऐका.
नाहीतर शीर्षक जुनंच नाव घेऊन बसून राहतं
आणि आपण रात्री दोनपर्यंत चूक शोधत राहतो.

माझी आई तुळसा होती.
मांडवात तांदळाच्या ताटात अंगठीनं
सुलोचना लिहिलं गेलं,
वाजंत्री मोठ्यानं वाजली,
आणि झाडून सगळीकडं बदललं,
रेशनकार्ड, मतदारयादी, माझ्या शाळेचा दाखला.
देगलूरच्या मामाच्या फोनात मात्र अजून
तुळसा.
दोनदा हँडसेट बदलला त्यानं.

बंधाचा एक प्रकार असतो: एकदाच.
पहिल्यांदा जे आलं ते धरायचं,
नंतर मूळ कितीही ओरडलं तरी ऐकायचं नाही.
शिकवणारे म्हणतात, जपून वापरा.
मी आजवर वापरला नव्हता.

शेवटच्या दिवशी माझे पैसे द्यायला
साहेबांनी माझं खातं उघडलं.
नवा टॅब, दोन्ही रकाने कोरे.
"तुला घरी काय म्हणतेत?"
मी थांबले.
पट्टीवर तेवढ्यात उमटलं होतं:
या, बसा.
"ऱ्हाऊ दे मग तसंच," ते म्हणाले,
आणि नोटा मोजायला लागले,
अंगठा जिभेला लावून, दोनदा.